तापातली आकडी: वीस मिनिटं का पाच?

घरातल्या सगळ्यांचं म्हणणं एकच होतं, वीस मिनिटं. आजी म्हणाली वीस, चुलता म्हणाला वीस-पंचवीस तरी असतील, आणि बाळाच्या आईला काहीच धड आठवत नव्हतं पण तीपण मान हलवत होती. आणि तापातल्या आकडीत नेमकं तिथंच घोडं पेंड खातं, कारण पंधरा मिनिटांच्या आत थांबली तर एक हिशोब, पंधराच्या वर गेली तर हिशोबच वेगळा. म्हणून ही केस जरा सविस्तर लिहितोय. मी डॉक्टर नाही, तासगाव तालुक्यातल्या एका गावात माझं मेडिकल आहे, बी.फार्म. झालोय, आणि ह्या प्रकरणात पहिल्या फोनपासून मी बरोबर होतो. घरच्यांना विचारूनच लिहितोय, नावं कुणाचीच टाकत नाही.

बाळ तेव्हा १६ महिन्यांचं. वजन ९ किलो ८००, हे नंतर सांगलीत मोजलं. पहिलं पोरगं, बाळंतपण नॉर्मल, चालायला लागलेलं, आई, मामा, भूभू असं बडबडणारं, म्हणजे वाढीत कुठं काही कमी नाही. घर द्राक्षबागायतदाराचं. नोव्हेंबर चालू, फळछाटणी होऊन बागा ऐन नाजूक टप्प्यात, त्यात दोन-तीन दिवस ढगाळ, डाऊनीच्या, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीच्या भीतीनं बाप दिवस मावळता फवारणीचा ब्लोअर घेऊन बागेत गेलेला आणि फोन ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समधे. घरात आजी, बाळाची आई, चुलता, चुलती आणि त्यांचा सहा वर्षांचा पोरगा. सकाळपासून बाळाला थोडी सर्दी आणि किरकिर, दुपारी जेवण नको म्हणालं, बस. ताप आहे असं कुणाच्या ध्यानातच नव्हतं. ह्यात कुणाचा हलगर्जीपणा नाही, कितीतरी पोरांत ताप चढायला लागतो आणि आकडी हीच तापाची पहिली खूण असते, बहुतेकांना ती तापाच्या पहिल्या दिवसातच येऊन जाते.

सातच्या सुमाराला आजीच्या मांडीवर बसल्या बसल्या बाळाचे डोळे वर गेले, अंग ताठ झालं, दातखिळी बसली, आणि मग हातपाय उडायला लागले, ओठ निळसर, तोंडाला फेस. आजीनं बोंब ठोकली, "आगं गेलं गं माझं लेकरू!" पुढं जे झालं ते आपल्याकडं दहातल्या नऊ घरात होतं. कांदा फोडून नाकाला लावला. चुलत्यानं किल्ल्यांचा जुडगा बाळाच्या उजव्या मुठीत कोंबून ती मूठ गच्च धरली. चुलतीनं दातखिळी उघडायला स्टीलचा चमचा घातला, त्यानं हिरडी फाटली आणि फेसात रक्त आलं, आणि मग काय, "नाकातोंडातून रक्त आलंय" अशी आवई गल्लीभर. आजीनं तांब्यातलं पाणी पाजायला घेतलं होतं ते चुलतीनं अडवलं, ते एक बरं केलं, कारण त्या वेळी गिळायची शुद्ध नसते आणि पाणी श्वासात जातं. चमच्याचंही तेच, जीभ कधी गिळली जात नाही, पण दात मात्र तुटून घशात जाऊ शकतो.

आणि ह्या सगळ्या गोंधळात शेजारचा कॉलेजातला पोरगा दारात उभा राहून मोबाईलवर शूटिंग करत होता. त्याला त्या दिवशी घरच्यांनी नाही नाही त्या शिव्या घातल्या. तो व्हिडिओ पुढं कसा उपयोगी पडला ते सांगतोच.

मी पोचलो तेव्हा आकडी थांबली होती. बाळ आईच्या खांद्यावर, हातपाय सैल, श्वास जरा घुरघुरता पण नियमित, ओठ परत गुलाबी. अंग नुसतं भाजत होतं. थर्मामीटर काखेत लावला, १०२.८. त्याला सतरंजीवर डाव्या कुशीवर झोपवलं, तोंडातला फेस आणि रक्त कडेनं पुसून काढलं, अंगातला स्वेटर आणि कानटोपी काढली. घरात मिठाच्या पाण्याच्या पट्ट्यांची तयारी चालली होती, ती थांबवली, म्हटलं आधी गाडी काढा. तोंडातून औषधपण दिलं नाही, अर्धवट गुंगीत पोराला काही पाजायचं नसतं.

तासगावात रस्त्यावर पहिला जो दवाखाना उघडा दिसला तिथं शिरलो. त्याचं नाव घेत नाही. तिथं पाच मिनिटांत बाळाला एक इंजेक्शन बसलं, आणि सांगण्यात आलं की ताप डोक्यात गेलाय, मिरजेला न्या, एमआरआय करा, वेळ घालवू नका. चिठ्ठीवर फक्त "झटके, मेंदूज्वर?" एवढंच. इंजेक्शन कुठलं, किती, कशासाठी, एक अक्षर नाही. मी सिस्टरांना विचारलं तर म्हणाल्या झटक्याचं दिलंय. अहो पण झटका थांबलेला होता ना! चालू आकडी थांबवायला जी औषधं आहेत ती आकडी थांबल्यावर देऊन मिळतं काय, तर फक्त झोप. आणि ती झोप पुढच्या डॉक्टरांची केवढी पंचाईत करते ते तासाभरात दिसलंच.

मिरज म्हटलं की आमच्याकडं लोकांना अर्धं बरं वाटतं. १८९४ साली मिशनरी डॉक्टर वॉन्लेस साहेबांनी तिथं मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून सगळ्या पंचक्रोशीची ही सवय, त्यामुळं चुलता हट्टालाच पेटला की थेट मिरज, थेट मशीन. तोवर बाप बागेतून तसाच येऊन वाटेत गाडीत चढला होता, अंगाला औषधाचा वास, तोंडातून शब्द नाही. मी त्याला एवढंच म्हटलं, अरे मशीन कुठं पळून जात नाही, आधी सांगलीत लहान मुलांच्या डॉक्टरांना हात तर लावू दे. त्यानं मान हलवली आणि वाटेवरचं कवठे एकंद गाव मागं टाकेपर्यंत गाडीत कुणीच काही बोललं नाही.

सांगलीच्या मॅडमनी आधी कुणाचंच ऐकून घेतलं नाही, सरळ बाळाकडं वळल्या. श्वास, रंग, ऑक्सिजन, बाहुल्यांवर बॅटरी, मान वाकवून बघितली, टाळूवरनं बोट फिरवलं, अंगभर कुठं पुरळ किंवा जांभळे ठिपके आहेत का ते बघितलं, ग्लुकोमीटरवर साखर तपासली, ती व्यवस्थित निघाली. कान आणि घसा बघितला, घसा लाल. मग स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "आकडी सुरू होताना जो बघत होता त्यानंच बोलायचं. बाकीचे गप्प बसा."

माझ्या मते ह्या केसचा खरा तपास इथं सुरू झाला. तापाची आकडी साधी आहे का गुंतागुंतीची, हे रक्तातून कळत नाही आणि मशीनमधूनही कळत नाही, ते घरचे काय सांगतात त्यावरनं ठरतं. वय ६ महिने ते ५ वर्षं, आकडी सगळ्या अंगाला, १५ मिनिटांच्या आत थांबलेली, २४ तासांत एकदाच, आणि नंतर पोरगं पूर्ण शुद्धीवर, तर ती साधी. एकाच बाजूला आली, लांबली, किंवा त्याच दिवसात परत आली तर गुंतागुंतीची, मग शोध जास्त घ्यावा लागतो. आणि आमच्या लोकांनी जे सांगितलं ते असं होतं: वीस मिनिटं चालली, फक्त डावा हात उडत होता, अजून शुद्धीवर आला नाही. हे जसंच्या तसं धरलं तर बाळ त्याच रात्री मिरजेच्या मशीनमधे जाणार होतं, आणि एवढं लहान पोर एमआरआयला हलू नये म्हणून परत गुंगीचं औषध, ते वेगळंच.

मॅडमनी वेळेपासून सुरुवात केली. "वीस मिनिटं घड्याळात बघितली का वाटली?" आजी म्हणाली, "घड्याळ बघायला कुणाला सुचतंय बाई." मग मी सगळ्यांचे फोन मागितले. आकडी सुरू झाल्या झाल्या चुलतीनं बाळाच्या बापाला कॉल लावला होता, तो उचलला गेला नाही, वेळ ७ वाजून ८ मिनिटं. लगेच मला, ७ वाजून ९. शेजारच्या पोरानं तोवर व्हिडिओ चुलत्याला पाठवला होता, त्या पोराला फोन करून त्याच्या मोबाईलमधली वेळ बघायला लावली, शूटिंग सुरू ७ वाजून १० ला, लांबी १ मिनिट ४८ सेकंद. व्हिडिओच्या शेवटाकडं झटके विरळ होत जातात आणि चुलता ओरडतो, "शूटिंग काय करायलायस, गाडी काढ!", तिथं तो संपतो. मी दुकानातनं पळत जायला तीन-चार मिनिटं, आणि मी पोचलो तेव्हा सगळं थांबलेलं. म्हणजे अगदी ताणून धरलं तरी पाच मिनिटं. मग वीस आली कुठनं? आकडीनंतर पोर जे गळून पडतं, डोळे अर्धवट, हाक मारली तरी ओ नाही, ती सगळी वेळ घरच्यांनी आकडीतच मोजली होती. बहुतेक सगळे मोजतात, कारण आईच्या लेखी पोर डोळे उघडेपर्यंत आकडी संपलेलीच नसते.

मग डाव्या हाताचं. चुलता ठामपणे सांगत होता की उजवा हात एकदम शांत होता. मॅडमनी व्हिडिओ परत सुरुवातीपासून लावला, दोन्ही हात दोन्ही पाय सारखेच उडताना दिसतात, आणि दहा-बारा सेकंदांनी फ्रेममधे चुलत्याचा हात येतो, किल्ल्या घेऊन, आणि बाळाची उजवी मूठ आवळून धरतो. म्हणजे उजवा हात शांत नव्हता, चुलत्यानंच दाबून ठेवला होता. तो स्वतःच स्क्रीनकडं बघत राहिला आणि म्हणाला, "आयला, मीच की."

राहिली शुद्ध. हा प्रश्न सगळ्यात नाजूक होता, कारण आकडीनंतर पोर तासाभरात जागं झालं, आईला ओळखलं, तर मेंदूज्वराची भीती बरीच मागं पडते, आणि इथं तर दीड तास होत आला तरी बाळ पेंगतच होतं. हे तापामुळं, आकडीमुळं, मेंदूतल्या जंतूंमुळं, का त्या न लिहिलेल्या इंजेक्शनमुळं? मॅडमनी त्या दवाखान्यात फोन लावला, इंजेक्शनचं नाव मिळालं, गुंगीचंच निघालं. पण त्याआधी बाळ जागं झालं होतं का? इतका वेळ गप्प बसलेली बाळाची आई तेव्हा पहिल्यांदा बोलली. म्हणाली, सिस्टरनी सुई टोचायला हात धरला तेव्हा यानं हात ओढून घेतला, आई म्हणून रडला, आणि माझ्या गळ्याला मिठी मारली. हे आकडी थांबल्यावर जेमतेम अर्ध्या तासात. मॅडम म्हणाल्या, "हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?" ती म्हणाली, मला कुणी विचारलंच नाही.

सव्वानऊच्या सुमाराला बाळानं डोळे उघडले, पाणी मागितलं, बापाकडं बघून हात पुढं केले. त्याच क्षणी आजीनं पदर तोंडाला लावला तो अर्धा तास काढला नाही.

आता ह्यात मेंदूज्वर नाही ना ते बघायला पाठीतलं पाणी काढायचं का, हा मुद्दा उरला. वर्षाच्या पुढच्या पोरात, मान मऊ, पोर हसतंखेळतं, लसी वेळेवर झालेल्या, तर गरज पडत नाही. पण मॅडमनी जाता जाता विचारलं, अँटिबायोटिक काही दिलंय का दोन दिवसांत? परत शांतता. मग चुलती म्हणाली, सकाळी सर्दीसाठी आमच्या मोठ्याचं उरलेलं होतं ते अर्धा चमचा दिलं. झालं! अर्धवट अँटिबायोटिक पोटात असलं की मेंदूज्वराची लक्षणं झाकली जाऊ शकतात, वरवर बरं दिसणाऱ्या पोरावरही मग पटकन विश्वास टाकता येत नाही. म्हणून रात्रभर ठेवून घेतलं, दर दोन तासांनी बघायचं, मान आणि शुद्ध बिघडली तर पाणी काढायचं असं ठरलं. ती वेळ आली नाही. त्या बाटलीबद्दल माझा वेगळा राग आहे, ते पावडरवालं सिरप पाणी घालून कालवलं की बहुतेक वेळा आठवडाभरच चालतं, आणि ह्यांच्या शोकेसमधली बाटली दिवाळीच्या आधीपासूनची होती. असो.

एमआरआय नाही, सिटी नाही, मेंदूच्या लहरींचा आलेख काढतात ती ईईजीपण नाही. चुलत्याला हे पचायला जड गेलं. पैसे आहेत तर करून टाकू की, असं त्याचं म्हणणं. मॅडमनी सांगितलं की साध्या तापाच्या आकडीनंतर ईईजीत थोडंफार इकडंतिकडं दिसू शकतं, पण त्यावरनं पुढं फेफरं होईल का नाही ते कळत नाही, कळतं ते एवढंच की घरच्यांची झोप जाते आणि कुणीतरी औषध सुरू करतं. आकडा त्यांनी सरळ सांगितला: १०० पोरांत २ ते ५ जणांना कधी ना कधी तापात आकडी येते, आणि साधी आकडी येऊन गेलेल्यांत पुढं फेफऱ्याचा आजार १०० त एक-दोघांनाच होतो, इतर पोरांत तो साधारण एकाला असतोच. बुद्धीचं म्हणाल तर ब्रिटनमधे १९७० च्या एप्रिलमधल्या एका आठवड्यात जन्मलेली हजारो मुलं दहा वर्षांची होईपर्यंत पाहणीखाली होती, त्यात तापाची आकडी आलेली मुलं बाकीच्यांच्या मागं नव्हती.

रात्री ताप परत १०३.५ वर गेला. आकडी आली नाही, पण घर जागं होतं, आणि दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज झाल्यावर खरा घोळ घरी झाला. संध्याकाळी चुलती दुकानात आली आणि काउंटरवर दोन बाटल्या ठेवल्या, दोन्ही पॅरासिटॅमॉल, दोन्हीवर बाळाचं चित्र, दोन्ही गुलाबी. "भाऊ, एकच ना हे? ह्यातलं संपलं की त्यातलं देऊ?" एक होतं सिरप, ५ मिलीत २५० मिलीग्रॅम. दुसरं ड्रॉप्स, १ मिलीत १००. डोस किलोला १५ मिलीग्रॅमच्या हिशोबानं, म्हणजे ह्या पोराला दीडशेच्या आसपास, सिरप घेतलं तर ३ मिली, ड्रॉप्स घेतले तर दीड मिली. ती चहाच्या चमच्यानं पाच-सहा मिली देणार होती, ड्रॉप्समधनं तसं दिलं असतं तर एका वेळेला ५०० च्या वर, आणि ताप उतरेना म्हणून चार-चार तासांनी परत, लिव्हर गेलंच म्हणायचं. मी ड्रॉप्सची बाटली ठेवून घेतली, सिरपबरोबर सुई नसलेली सिरिंज दिली आणि ३ वर पेनानं रेघ मारली. दोन डोसात सहा तास. मधल्या वेळेत दुसरं कुठलं तापाचं औषध आपल्या मनानं नाही. निमेसुलाईड तर १२ वर्षांखाली आपल्याकडं २०११ पासून बंदच आहे, तरी "ते पिवळं द्या, पटकन उतरतंय" म्हणणारे अजून येतात.

आणि औषध विकणारा माणूस असून सांगतो, तापाचं औषध कितीही वेळेवर दिलं तरी पुढची आकडी त्यानं टळत नाही. हे तपासून बघितलेलं आहे, एकदा नाही अनेकदा. औषध पोराला बरं वाटावं, दोन घोट पाणी प्यावं, झोप लागावी म्हणून. बर्फाच्या आणि मिठाच्या पट्ट्यांनी तर पोर कुडकुडतं आणि उलट ताप वाढतो. हे कळलं की आईची सुटका होते खरी, नाहीतर प्रत्येक आकडीनंतर घरात पहिला प्रश्न हाच असतो, "तू वेळेवर औषध दिलं नाहीस का?"

तिसऱ्या दिवशी सकाळी ताप साफ उतरला आणि दुपारपर्यंत छाती-पोटावर बारीक गुलाबी पुरळ. आजी म्हणाली गोवर निघाला. मॅडमना फोटो पाठवला, त्या म्हणाल्या गोवर नाही. गोवराचं पुरळ ताप भरात असताना येतं, कानामागनं चेहऱ्यावरनं सुरू होतं, डोळे लाल असतात, पोर रडवेलं असतं. हे ताप गेल्यावर आलं, अंगावर आलं, आणि पोर अंगणात कोंबडीमागं पळतंय. ह्याला रोझिओला म्हणतात, हर्पिस जातीचा एक विषाणू आहे, सहा महिने ते दोन वर्षांच्या पोरांना होतो, ताप एकदम चढतो आणि तापाच्या आकडीचं हे नेहमीचं कारण. दोन दिवसांत पुरळ मावळलं. म्हणजे तापाचं कारण मिळालं, आणि सगळ्यात महत्त्वाचा तपास तोच असतो, आकडी का आली हे नाही तर ताप कशाचा.

पुढचा पेच लसीचा. १६ ते २४ महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि डीपीटीचा बूस्टर असतो. आशाताई घरी आल्या तर आजीनं उंबऱ्यावरच सांगितलं, आमच्या पोराला फिट येते, आम्ही टोचणार नाही. लसीनं ताप येतो आणि तापानं आकडी येऊ शकते, हे खोटं नाही, मॅडमनी पण नाकारलं नाही. पण साध्या आकडीसाठी लस थांबवत नाहीत, कारण गोवर झाला तर त्याचा ताप लसीच्या तापापेक्षा कितीतरी मोठा आणि गोवर मेंदूपर्यंतही जाऊ शकतो. फक्त ताप कधी येऊ शकतो ते माहीत पाहिजे, डीपीटीचा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, गोवर-रुबेलाचा मात्र सात ते बारा दिवसांनी, जेव्हा लस घेतल्याचं घरात विसरून गेलेलं असतं. शेवटी पुढच्या महिन्यात बापानं आजीला न सांगता उपकेंद्रात नेऊन दोन्ही टोचून आणलं. एक दिवस कणकण आली, बाकी काही नाही. आजी चार दिवस त्याच्याशी बोलली नाही.

पण खरी गोष्ट बाहेर आली ती फेरतपासणीला. पहिल्या रात्री मॅडमनी विचारलं होतं, घरात कुणाला लहानपणी तापात आकडी? आजी म्हणाली छे, आमच्यात असलं काही नाही. बाळाच्या बापाच्या पोटावर बेंबीच्या कडेनं चार गोल काळपट व्रण आहेत, रुपयाएवढे. त्याला लहानपणापासून सांगितलेलं की चुलीतला निखारा पडला होता. बायकोला ते कधी पटलं नव्हतं, निखारा असा चार ठिकाणी सारख्या अंतरावर पडतो होय? तिनं एक दिवस सासूला भाकरी थापता थापता सरळ विचारलं, आत्या, ते डाग दिलेत ना? आजी बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, दोन वर्षांचा होता, तापात असाच ताठ झाला, दोनदा, तुझ्या सासऱ्यानं बिब्ब्याचे डाग देणाऱ्याकडं नेला, मग परत काही आलं नाही. परत येणारच नव्हतं, वय उलटलं की ही आकडी आपोआप सुटते, श्रेय डागाला मिळालं. आणि लपवलं का, तर फेफऱ्याचं घर म्हणून पोराचं लग्न ठरणार नाही ह्या भीतीनं. मला आजीचा राग नाही आला. तिच्या काळात ती भीती खरीच होती.

वैद्यकीय दृष्टीनं मात्र हा धागा मोठा. आई, बाप किंवा भावंडाला येऊन गेली असेल, पोर दीड वर्षाच्या आतलं असेल, ताप कळून तास व्हायच्या आत आकडी आली असेल, तर परत येण्याची शक्यता वाढते. सगळे मिळून साधारण तिघांत एकाला परत येते, ह्या पोराच्या बाबतीत तिन्ही गोष्टी जुळत होत्या. मॅडम म्हणाल्या, निम्म्याहून जास्त शक्यता धरून चाला. म्हणजे डाग लपवले नसते तर पहिल्या रात्रीच घर तयारीला लागलं असतं. चालू आकडी थांबवायला नाकात मारायचा मिडॅझोलामचा फवारा लिहून दिला, चिठ्ठीशिवाय तो मिळत नाही, आणि वेगवेगळ्या ताकदीचा येतो म्हणून बाटली बदलली की फवाऱ्यांची संख्या परत विचारायची. आकडी पाच मिनिटांच्या पुढं गेली तरच वापरायचा, आणि वापरला की १०८ ला फोन किंवा थेट हॉस्पिटल.

मे महिन्यात परत आलीच. वय २२ महिने, ताप १०१ च्या आसपास, घरात पाहुणे. ह्या वेळी चुलतीनं, तीच चमचेवाली, बाळाला कुशीवर केलं, आजूबाजूची भांडी सरकवली, भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट करून पोराला ओरडून सांगितलं, काटा बघ रे. दोन मिनिटं झाली असतील. फवारा हातात तयार होता, वापरायची वेळ आली नाही. वीस मिनिटांत बाळ उठून आंबा मागत होतं. त्याच दिवशी सांगलीला दाखवलं, कानात पू निघाला, त्याचं औषध झालं. ह्या खेपेला बाळाच्या आईनं सगळं एका कागदावर लिहून नेलं होतं, सुरू किती वाजता, थांबली किती वाजता, दोन्ही बाजू का एक, केव्हा ओळखलं, आधी काय औषध दिलं. मॅडमनी तो कागद फाईलला लावला.

कोल्हापूरचा एक नातेवाईक त्या दिवशी घरात होता, त्याचं म्हणणं रोजची गोळी सुरू करा, गार्डिनल, आमच्या शेजारच्याला तीन वर्षं दिली. पूर्वी द्यायचेच. १९९० साली अमेरिकेत झालेल्या अभ्यासात हेच गार्डिनल, म्हणजे फेनोबार्बिटोन, रोज घेणाऱ्या पोरांचा बुद्ध्यांक न घेणाऱ्यांपेक्षा कमी भरला, तेव्हापासून साध्या तापाच्या आकडीला रोजचं औषध द्यायचं मागं पडलं, तरी माझ्या दुकानात अजून अधूनमधून चिठ्ठी येते. वरचेवर येत असेल तर तापाच्या दोन-तीन दिवसांपुरतं क्लोबाझाम हे आकडी रोखणारं औषध देतात, त्यानंही पोर पेंगतं, तोल जातो, ह्या पोराला मॅडमनी ते लिहिलं नाही.

आता पोरगं तीन वर्षांचं व्हायला आलंय. नंतर दोनदा चांगला ताप येऊन गेला, आकडी नाही. मॅडमनी सांगून ठेवलंय की ताप नसताना आली, एका अंगाला आली, लांबली, किंवा चालणं-बोलणं मागं पडायला लागलं तर लगेच या, मग एमआरआय-ईईजीचं बघू. जूनमधे बालवाडीत घालायचंय. फॉर्मवर "काही आजार?" असा रकाना आहे, आजी म्हणाली मोकळा सोडा, उगाच बोभाटा. आईनं लिहिलं: तापात दोनदा आकडी, दोन्ही वेळा पाच मिनिटांच्या आत थांबली, वडिलांनाही लहानपणी येत होती, आली तर कुशीवर करावं, तोंडात काही घालू नये, घड्याळ बघावं. रकान्यात मावलं नाही म्हणून मागच्या बाजूला लिहिलं, आणि बापानं खाली सही केली.